दुधाचे दात आणि बालमृत्यू : एका चुकीच्या निदानाचा इतिहास

इ.स. १६६२ मध्ये लंडनमधील जॉन ग्रॉन्ट या कापडव्यापाऱ्याने शहरातील मृत्युपत्रकांवर आधारलेला एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. लोकसंख्याशास्त्राची सुरुवात या ग्रंथापासून धरण्याची पद्धत आहे. वीस वर्षांतील २,२९,२५० मृत्यूंची त्याने कारणांनुसार वर्गवारी केली. त्यात प्लेग आहे, देवी आहे, क्षय आहे, आणि त्यांच्याच रांगेत ‘दात आणि जंत’ असेही एक सदर आहे. आकडी, मुडदूस, दात, जंत आणि नवजात अर्भकांचे इतर प्रकार मिळून ७१,१२४ मृत्यू होतात, आणि हे सर्व चार-पाच वर्षांखालील मुलांचे असावेत, असा ग्रॉन्टचा तर्क होता. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की जन्मलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ३६ मुले सहावे वर्ष गाठत नाहीत.

बालमृत्यूचा हा अंदाज इतिहासकार आजही उद्धृत करतात. परंतु आपला प्रश्न वेगळा आहे. दात आल्याने मूल मरते का? आज कोणताही बालरोगतज्ज्ञ ‘नाही’ असे उत्तर देईल. मग जवळजवळ अडीचशे वर्षे, सरकारी नोंदींसह, हे कारण कागदावर कसे टिकले? आणि ते खरे मानल्यामुळे मुलांच्या वाट्याला काय आले?

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर नोंद कोण करत होते यात आहे. ग्रॉन्टच्या काळी मृत्यूचे कारण ठरवण्याचे काम प्रत्येक पॅरिशमधील वयस्कर स्त्रियांकडे असे. त्या घरी जात, प्रेत पाहत, घरच्यांना विचारत आणि कळलेले कारकुनाला सांगत. आईने ‘दात येत होते, ताप चढला, आकडी आली आणि गेला’ असे सांगितले की नोंद ‘दात’ अशी होई. १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली, तरी सदर टिकून राहिले. १८३९ या एका वर्षात तेथे ५,०१६ मृत्यू दात येण्याच्या नावावर नोंदलेले आढळतात.

उरलेले अर्धे उत्तर शरीराच्या वेळापत्रकात आहे. दुधाचे वीस दात साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंत येतात. म्हणजे या दोन वर्षांत मूल कधीही आजारी पडले, तरी कोणता ना कोणता दात नुकताच आलेला, येत असलेला किंवा येऊ घातलेला असणारच. याच काळात आईकडून गर्भावस्थेत मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरते, मूल रांगू लागते, हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि त्याला आईच्या दुधाव्यतिरिक्त अन्न सुरू होते. नळाचे स्वच्छ पाणी आणि निर्जंतुक दूध नसलेल्या काळात हे ‘वरचे अन्न’ म्हणजे अतिसाराला आमंत्रण होते. रोगजंतू डोळ्यांना दिसत नव्हते, सुजलेली हिरडी मात्र दिसत होती. दोष दिसणाऱ्या गोष्टीला गेला.

प्राचीन ग्रंथांतील दोन मते

ही समजूत लंडनच्या आयांनी निर्माण केलेली नाही. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात दात येण्याविषयी एक लहानसे प्रकरण आहे. त्यात आकडी आणि दात यांचा संबंध गृहीत धरला आहे. ज्या मुलाला दात येताना वारंवार शौचाला होते त्याला आकडी येण्याची शक्यता कमी, असेही त्यात म्हटले आहे. हे विधान वाचून सोडून देण्यासारखे वाटते, पण त्याचे परिणाम फार लांबवर गेले. दात येतानाचे जुलाब ‘चांगले’ असतात, ते थांबवू नयेत, हा समज युरोपच्या वैद्यकात शतकानुशतके राहिला.

भारतीय परंपरेत दातांसाठी ‘द्विज’ म्हणजे दोनदा जन्मलेला असा शब्द आहे. कौमारभृत्य, म्हणजे बालवैद्यक, या विषयाला वाहिलेल्या काश्यपसंहितेत दंतजन्मावर स्वतंत्र अध्याय आहे. नेपाळमध्ये मिळालेल्या एका खंडित हस्तलिखितावरून ही संहिता पं. हेमराज शर्मा यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. बत्तीस दातांपैकी आठ एकदाच येतात आणि बाकीचे दोनदा, असे तेथे सांगितले आहे. आजच्या शरीरशास्त्रानुसार वीस दात दोनदा येतात आणि बारा दाढा एकदाच. आकडा जुळत नाही. तरीही कोणते दात पडतात आणि कोणते पडत नाहीत हे पाहून मोजण्याचा प्रयत्न येथे झाला होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. (आपल्या ग्रंथांत सर्व काही आधीच होते, असे म्हणण्यासाठी आकडे वाकवण्याची गरज नाही. ग्रंथकाराने काय पाहिले आणि काय त्याच्या नजरेतून सुटले, हे दोन्ही नोंदवणे हेच इतिहासाचे काम.)

वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही, म्हणजे सुमारे सातव्या शतकात, दात येणे हे बालकाच्या सर्वच रोगांना कारण होऊ शकते असे स्पष्ट म्हटले आहे. निदानाच्या बाबतीत वाग्भट आणि ग्रीक वैद्य एकाच बाजूला उभे आहेत. पण उपचाराचा प्रश्न आला की वाग्भट वेगळे काही सांगतो : या रोगांत बालकाला फार निर्बंधांत ठेवू नये, कारण दात आले की ते रोग आपोआप शमतात. निदान चुकीचे असले तरी उपचार सौम्य असेल तर मुलाचे फारसे बिघडत नाही. युरोपात पुढे जे घडले त्याच्या शेजारी हा सल्ला ठेवून पाहावा.

हिरड्या चिरण्याची तीन शतके

मध्ययुगीन आणि त्यानंतरच्या युरोपात दात सुलभ यावेत म्हणून हिरड्यांवर सशाचा मेंदू किंवा लोणी चोळणे, गळ्यात पोवळे बांधणे असे उपाय होते. त्यांनी लाभ झाला नाही तरी हानीही बेताचीच होती. सोळाव्या शतकात मात्र शस्त्र आले.

फ्रेंच शल्यविशारद आंब्रोआज पारे याने एक प्रसंग लिहून ठेवला आहे. नेव्हेरच्या ड्यूकचा आठ महिन्यांचा मुलगा मरण पावला. कारण समजेना म्हणून प्रेत तपासले. हिरड्या कठीण आणि सुजलेल्या होत्या. त्या चिरल्या तेव्हा आत बाहेर येण्याच्या तयारीत असलेले दात दिसले. पारे व त्याच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की हिरडी वेळीच चिरली असती तर मूल वाचले असते. आठ महिन्यांच्या कोणत्याही निरोगी मुलाची हिरडी चिरली तरी आत दातच दिसतील, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही. तुलनेसाठी दुसरे, जिवंत आणि धडधाकट मूल लागते आणि त्याची हिरडी कोण चिरणार? एका शवविच्छेदनातून काढलेला हा निष्कर्ष तीनशे वर्षे पुरला.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जोसेफ हरलॉकने १७४२ मध्ये मुलांच्या दातांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले, त्याचा मुख्य आग्रह हिरड्या चिरण्याचाच होता. जॉन हंटर हा त्या शतकातील अत्यंत काटेकोर शरीरशास्त्रज्ञ. मानवी दातांवरील त्याचा १७७१ चा ग्रंथ दंतवैद्यकात मैलाचा दगड मानला जातो. तोही एकाच मुलाच्या हिरड्या दहापेक्षा अधिक वेळा चिरल्याचे नोंदवतो आणि त्याचे समर्थन करतो.

एकोणिसाव्या शतकातील मार्शल हॉल याचे उदाहरण अधिक बोलके आहे. मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रियेवर त्याने १८३० च्या दशकात केलेले काम चेतासंस्थेच्या अभ्यासात पायाभूत ठरले. पण याच सिद्धान्ताचा त्याने दातांना आधार दिला : दाताच्या दाबाने हिरडीतील मज्जातंतू उद्दीपित होतात, संदेश मज्जारज्जूपर्यंत जातो आणि प्रतिक्षिप्त क्रियेने आकडी येते, म्हणून दाब मोकळा करा. एकदा गरज असताना चिरायचे राहून जाण्यापेक्षा १९९ वेळा विनाकारण चिरलेले बरे, अशा अर्थाचे त्याचे मत प्रसिद्ध आहे. नवे शास्त्र जुन्या समजुतीला खोडून काढतेच असे नाही. पुष्कळदा ते तिला नवी भाषा पुरवते. हा मुद्दा परीक्षेच्या उत्तरापुरता न ठेवता, विज्ञानाच्या इतिहासातील इतर प्रकरणे वाचतानाही मनात ठेवावा.

निर्जंतुकीकरण माहीत नसलेल्या काळात एकाच चाकूने अनेक मुलांच्या हिरड्या चिरल्या जात होत्या. त्यातून रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने किती मुले गेली असतील, हे सांगता येत नाही. कारण ती मुले दगावली की नोंद पुन्हा ‘दात’ अशीच होई. उपचाराने झालेला मृत्यू रोगाच्या खात्यावर जमा होत राहिला आणि रोग अधिकच भयंकर दिसू लागला.

याला विरोध नव्हता असे नाही. विल्यम कॅडोगन या वैद्याने १७४८ मध्ये बालसंगोपनावर एक निबंध लिहिला. दात येणे अनेक मुलांना घातक ठरते असे लोक मानतात, पण तो निसर्गाचा दोष असू शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. करकचून गुंडाळणे, अंगावर न पाजणे आणि अयोग्य अन्न देणे यांनी मुले अगोदरच दुबळी झालेली असतात, याकडे त्याने बोट दाखवले. कॅडोगनचे बाकीचे अनेक सल्ले लोकांनी स्वीकारले. दातांबाबतचा संशय मात्र वैद्यांनी फारसा मनावर घेतला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हिरड्या चिरण्याची कृती पाठ्यपुस्तकांत सापडते.

बाटलीतली झोप आणि पुडीतला पारा

चाकू वैद्याकडे होता, औषध मात्र दुकानातून घरी नेता येत होते. १८४९ पासून अमेरिकेतील मेन राज्यातल्या बँगोर येथून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ विकले जाऊ लागले. दात येणाऱ्या मुलांसाठी म्हणून त्याची जाहिरात होई. जाहिरातीत प्रसन्न आई आणि गाढ झोपलेले मूल असे. मूल झोपत होते, कारण त्या सिरपमध्ये मॉर्फिन होते. १९०६ च्या अमेरिकी अन्न व औषध कायद्याने असे घटक लेबलवर छापणे बंधनकारक केले, तेव्हा आयांना प्रथमच कळले की आपण काय पाजत आहोत.

अफूची ही कहाणी आपल्याकडेही आहे, मात्र तिचे कारण वेगळे. १९२०च्या दशकात मुंबईच्या सूतगिरण्यांतील स्त्री-कामगारांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांना अफू असलेल्या ‘बाळगोळ्या’ सर्रास दिल्या जात असल्याचे डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी नोंदवले. आई दहा-दहा तास गिरणीत, पाळणाघर नाही, रडणाऱ्या मुलाला सांभाळायला घरी एखादी म्हातारी किंवा सहा-सात वर्षांची बहीण. अशा आईला अज्ञानी म्हणणे सोपे आहे. पण तिच्याकडे दुसरा मार्ग कोणता होता, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. लंडन किंवा न्यूयॉर्कमधील मध्यमवर्गीय आई दातांच्या नावाने जे देत होती, तेच मुंबईची गिरणी-कामगार आई पोटासाठी देत होती.

पाऱ्याची कथा अधिक लांबली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि इतरत्र विकल्या जाणाऱ्या ‘दात येण्याच्या पुड्यां’मध्ये कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा एक क्षार, असे. रेचक म्हणून तो प्रतिष्ठित होता आणि दात येणाऱ्या मुलाचे पोट साफ राहिलेच पाहिजे, हा जुना हिपोक्रॅटिक धागा पुड्यांतही होता. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉक्टरांना लहान मुलांत एक विचित्र आजार दिसू लागला. हातपाय गुलाबी होऊन सुजत, कातडी सोलवटे, उजेड सहन होत नसे, घाम सुटे, मूल सतत किरकिर करी, खाणे सोडी. काही मुलांचे दात हलून पडत. १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील हॅरी स्विफ्ट याने या आजाराचे वर्णन वैद्यकीय परिषदेत मांडले. पुढे त्याला ‘पिंक डिसीझ’ हे नाव रूढ झाले. कोणी विषाणूचा संशय घेतला, कोणी जीवनसत्त्वाच्या अभावाचा.

सिनसिनाटी येथील योझेफ वॉरकनी याने १९४५च्या सुमारास अशा एका मुलाच्या लघवीत पारा शोधला आणि तो सापडला. १९४८ मध्ये हबर्डसोबत त्याने अधिक रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तरी अनेक डॉक्टरांना पटेना. त्यांचा आक्षेप निरर्थक नव्हता : पुड्या तर लाखो मुलांना मिळतात, आजार मात्र थोड्यांनाच होतो, असे कसे? काही मुले पाऱ्याला अधिक संवेदनशील असतात, हे उत्तर तेव्हा कोणाच्या गळी उतरत नव्हते. शेवटी १९५४च्या सुमारास ब्रिटनमधील उत्पादकांनी पुड्यांतून पारा काढला, आणि काही वर्षांत पिंक डिसीझ जवळजवळ नाहीसा झाला. ज्या पुडीने दात सुखाने यावेत, तिनेच काही मुलांचे दात पाडले होते.

पडणारच आहेत, तर काळजी कशाला?

दुधाच्या दातांची भीती ओसरू लागली तशी उलट टोकाची समजूत उघडी पडली. हे दात पडणारच, मग किडले तर किडू द्यावेत, दुखले तर उपटावेत, असे घरांतही मानले जाई आणि दवाखान्यांतही. वास्तविक दुधाच्या दातांचे आणि कायमच्या दातांचे अंकुर वेगळे असतात व दुसरा संच पहिल्याखालीच तयार होत असतो, हे बार्तोलोमिओ युस्टाकी याने गर्भ व अर्भकांची तपासणी करून १५६३ मध्येच दाखवले होते. दुधाची दाढ जागा धरून ठेवते. ती अकाली गेली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणारा दात वाकडा येतो किंवा अडकतो. मुळाशी पू झाला तर खालच्या अंकुरालाही इजा होऊ शकते. आणि दुखरे तोंड असलेले मूल नीट खात नाही, झोपत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

मुलांच्या दातांकडे सरकारांचे लक्ष गेले ते मात्र करुणेने नव्हे, तर सैन्यभरतीमुळे. १८९९–१९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटनमधील अनेक उमेदवार दातांमुळे नाकारले गेले. ज्या सैनिकाला कडक बिस्किट चावता येत नाही तो आघाडीवर काय करणार? स्ट्रासबुर्गमध्ये १९०२ साली एर्न्स्ट येसेनने शाळकरी मुलांसाठी दवाखाना सुरू केला, १९०७ मध्ये जॉर्ज कनिंगहॅमने केंब्रिजला तेच केले. पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडला आपल्या तरुणांचे दात पाहून धक्का बसला आणि तेथे १९२१ मध्ये टॉमस हंटर यांच्या नेतृत्वाखाली शालेय दंतसेवा उभी राहिली. दोन वर्षे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका शाळेच्या आवारातच मुलांचे दात भरत. दुधाचा दात उपटण्याऐवजी भरावा, हे या सेवेने नित्याचे केले. पायाने चालवायच्या यंत्राच्या घरघरीमुळे मुलांनी त्या खोल्यांना ‘खाटीकखाना’ अशा अर्थाचे नाव दिले होते, हेही इतिहासात नोंदवायला हवे.

मुळाशी होती साखर. ब्रिटनने १८७४ मध्ये साखरेवरील आयात जकात रद्द केली आणि ती कामगारांच्याही चहात, मुरंब्यात पोचली. पुढे बाटलीचे दूध रूढ झाले. १९६२ मध्ये एलियास फास या दंतवैद्याने अगदी लहान मुलांत आढळणाऱ्या एका विशिष्ट किडीचे वर्णन केले. वरचे पुढचे चार दात काळे पडून झिजतात, खालचे पुढचे मात्र शाबूत राहतात. तोंडात बाटली ठेवून झोपलेल्या मुलाचे गोड दूध वरच्या दातांभोवती साचते, खालचे दात जिभेखाली झाकलेले असतात; शिवाय झोपेत लाळ कमी सुटते. मधात किंवा साखरेत बुडवलेल्या चोखणीनेही हेच होते. म्हणून आज सांगितला जाणारा सल्ला साधा आहे : दात येण्यापूर्वीही हिरड्या ओल्या स्वच्छ कापडाने पुसाव्यात, पहिला दात आल्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन मोठ्यांनी घासून द्यावे, बाटली तोंडात ठेवून झोपवू नये, आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्याला दाखवावे.

फ्लोराइडबाबत भारताची स्थिती निराळी आहे. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहराने जानेवारी १९४५ मध्ये पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास सुरुवात केली. आपल्याकडे त्याआधीच, १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास प्रांतातील नेल्लोर जिल्ह्यात भूजलातील अति फ्लोराइडमुळे दात आणि हाडे बिघडल्याचे आढळले होते. म्हणून पाण्यातील फ्लोराइड वाढवण्याचा परदेशी धडा येथे सरसकट गिरवता येत नाही.

कोलकात्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२०मध्ये दंतमहाविद्यालय स्थापन केले आणि १९४८ मध्ये दंतवैद्यक कायदा झाला, पण न्यूझीलंडसारखी शाळेच्या आवारातली सेवा देशभर उभी राहिली नाही. भारतीय दंत परिषदेच्या २००२–०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडात दुधाचेच दात असतात.

आणि जुने निदान? अमेरिकेत क्लीव्हलंड येथील मायकेल मॅकनिन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पालकांकडून रोजच्या रोज नोंदी घेतल्या होत्या. ४७५ दात येताना पाहिले गेले. लाळ, चावणे, किरकिर, भूक मंदावणे, अंग किंचित कोमट लागणे एवढे आढळले. मोठा ताप किंवा जुलाब यांचा दातांशी संबंध दिसला नाही. तरीही ‘दात येताहेत, म्हणून जुलाब होताहेत’ हे वाक्य भारतातल्या कोणत्याही भाषेत आजही ऐकू येते. १९७१ मध्ये बोनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो रुग्णांना वाचवून दाखवले. ते पाणी मुलाला वेळेवर पाजायचे तर आधी जुलाबाला जुलाब म्हणावे लागते. २००८ च्या अखेरीस नायजेरियात दात येण्यासाठी म्हणून विकल्या गेलेल्या एका सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक मिसळले गेले होते. त्यातून ८० हून अधिक मुले मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यांच्या मृत्यूच्या कारणापुढे ‘दात’ असे लिहिले गेले नाही.